चिठ्ठी ठेवून उठणारा माणूस

ठाणे-बेलापूर रस्त्याने तुर्भ्याहून महाप्याकडे निघाले की औद्योगिक पट्ट्याचा बदललेला चेहरा दिसतो. एकेकाळी रसायनांच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यात आता उंच, बंदिस्त, आतून कायम गार ठेवलेल्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्यांना डेटा सेंटर म्हणतात. आत माणसे कमी आणि संगणकांची कपाटे जास्त. गंमत अशी की या कपाटांतल्या एकेका खऱ्या संगणकाच्या पोटात अनेक लटके संगणक चालू असतात. लटके म्हणजे निव्वळ सॉफ्टवेअरने उभे केलेले. त्यांना व्हर्च्युअल मशीन असे नाव आहे. एखादा खरा संगणक दुरुस्तीसाठी बंद करायचा झाला, तर त्याच्या पोटातले लटके संगणक चालत्या स्थितीत उचलून दुसऱ्या कपाटात नेता येतात. त्या क्षणी त्यावर कुणी रेल्वेचे तिकीट काढत असेल, कुणी रक्ततपासणीचा अहवाल उघडत असेल. त्याला सहसा पत्ताही लागत नाही. काम मध्येच थांबले, कुठवर आले होते ते टिपले गेले आणि दुसऱ्या जागी नेमके तिथूनच पुढे सुरू झाले.

यामागची कल्पना इलेक्ट्रॉनिक संगणकापेक्षाही जुनी आहे. ती १९३६ साली कागदावर उतरली. तेव्हा कम्प्युटर हा शब्द यंत्राला नव्हे, तर कागद-पेन्सिल घेऊन दिवसभर आकडेमोड करणाऱ्या माणसाला लावला जात असे. लिहिणारा तरुण चोविशीच्या उंबरठ्यावर होता आणि त्याचे नाव अ‍ॅलन ट्युरिंग.

ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला, पण घर हिंदुस्थानाशी बांधलेले होते. वडील ज्युलियस मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी. आई एथेल सारा यांचा जन्म कोइमतूरजवळच्या पोदनूरचा. त्यांचे वडील मद्रास रेल्वेत मुख्य अभियंता होते. थोरला भाऊ जॉन १९०८ मध्ये कुन्नूरला जन्मला. अ‍ॅलन दीड वर्षाचाही नव्हता तेव्हा आई पुन्हा मद्रास इलाख्यात परतली आणि दोन्ही मुले इंग्लंडच्या किनाऱ्यावर एका निवृत्त कर्नलच्या कुटुंबात ठेवली गेली. गोऱ्या मुलांना इथली हवा मानवत नाही, ही त्या काळची समजूत. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात ती अगदीच निराधारही नव्हती. आईवडील यायचे, काही महिने राहायचे, पुन्हा बोटीत बसायचे. असे मोडत-जोडत बालपण गेले.

१९२६ च्या मे महिन्यात शेरबोर्नच्या शाळेत पहिल्यांदा जायचे, नेमका त्याच वेळी देशव्यापी संप झाला. रेल्वे बंद. १३ वर्षांचा अ‍ॅलन साउदॅम्प्टनहून सायकलवर टांग टाकून निघाला, वाटेत एका खाणावळीत रात्र काढली आणि सुमारे ६० मैल कापून शाळेत हजर झाला. अक्षर वाईट, शाईचे डाग, शिस्तीचा आनंदीआनंद. मात्र गणित असे की शिक्षकांनी हात टेकावेत.

त्याच शाळेत ख्रिस्तोफर मॉरकॉम हा वर्षभर पुढे असलेला मुलगा त्याला भेटला. विज्ञानात तितकाच रमणारा आणि कामात अत्यंत नेटका. अ‍ॅलनचे त्याच्यावर मनापासून प्रेम होते. १३ फेब्रुवारी १९३० रोजी, आजारी पडल्यापासून आठवड्याभरातच, मॉरकॉम गेला. लहानपणी प्यायलेल्या गाईच्या दुधातून क्षयाचे जंतू त्याच्या शरीरात शिरले होते. गाईंचा क्षय माणसाला होतो तो मुख्यतः न तापवलेल्या दुधातून, आणि त्या काळच्या युरोपात त्याने असंख्य मुले नेली. आपल्याकडे दूध उकळल्याशिवाय तोंडाला लावायचे नाही ही घराघरातली सवय आहे. आता तेच कच्चे दूध नैसर्गिक म्हणून बाटलीत भरून विकणारे आणि कौतुकाने पिणारे भेटतात, तेव्हा मॉरकॉमची आठवण व्हावी.

या मृत्यूने अ‍ॅलनला एक प्रश्न दिला, तो त्याने आयुष्यभर सोडला नाही. मॉरकॉमच्या आईशी त्याचा पुढे अनेक वर्षे पत्रव्यवहार होता. त्यात तो शरीर आणि मन यांच्या नात्याबद्दल लिही. शरीर संपल्यावर मनाचे काय होते? शरीराखेरीज मन कुठे टिकू शकते का? सुरुवातीला हे प्रश्न शोकातून, काहीसे अध्यात्माच्या वाटेने आले. पुढे त्यांचे रूप पालटले. विचार करणाऱ्या माणसाच्या डोक्यात जे काही चालले आहे, त्यातले किती कागदावर उतरवता येईल, असे ते विचारले जाऊ लागले.

१९३१ मध्ये ट्युरिंग केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाले आणि १९३५ मध्ये तिथले फेलो झाले. त्याच वर्षी मॅक्स न्यूमन यांच्या व्याख्यानांतून त्यांना डेव्हिड हिल्बर्ट यांचा प्रश्न समजला: कोणतेही गणिती विधान दिले असता ते सिद्ध करता येईल की नाही हे ठरवणारी एखादी यांत्रिक रीत असू शकते का? यांत्रिक रीत म्हणजे नेमके काय, याचीच कुणी व्याख्या केलेली नव्हती. ट्युरिंग यांनी पुस्तकांत शोधण्याऐवजी आकडेमोड करणाऱ्या माणसाकडे पाहिले.

समोर चौकटी आखलेला कागद आहे. कारकून एका वेळी मोजक्या चौकटी पाहतो, एखादा आकडा खोडतो किंवा लिहितो, शेजारच्या चौकटीकडे सरकतो. पुढची पायरी दोनच गोष्टींवर ठरते: त्याला समोर काय दिसते आणि त्याच्या मनाची त्या घडीची अवस्था काय आहे. हातचा एक धरला आहे की नाही, बेरीज चालू आहे की वजाबाकी, अशा अर्थाची अवस्था. इथे कुणीही हरकत घेऊ शकत होते. मनाची अवस्था ही काही मोजता येणारी वस्तू नाही. तिच्यावर गणित कसे उभारणार?

या हरकतीला ट्युरिंग यांनी दिलेले उत्तर हाच आपल्या गोष्टीचा गाभा. त्यांचा युक्तिवाद असा. कारकून कधीही काम टाकून उठू शकतो, बाहेर जाऊन ते साफ विसरू शकतो आणि नंतर परत येऊन पुढे चालू करू शकतो. अट एवढीच, की उठण्यापूर्वी त्याने ठरलेल्या नमुन्यात एक चिठ्ठी लिहून ठेवली पाहिजे: काम इथून पुढे कसे न्यायचे. मग त्यांनी ही कल्पना टोकाला नेली. समजा कारकून इतका आळशी आहे, की एका बैठकीत एकच पायरी करतो, नवी चिठ्ठी लिहितो आणि उठतो. पुढच्या बैठकीत चिठ्ठी वाचतो, एक पायरी करतो, पुन्हा चिठ्ठी. आता त्याच्या मनात काय होते याला काही अर्थच उरला नाही. कागदावरचे आकडे आणि चिठ्ठी, एवढ्यात सगळे आले. तोच कारकून परत यायला हवा असेही नाही.

रुग्णालयात पाळी करणाऱ्या कुणालाही ही चिठ्ठी ओळखीची वाटेल. रात्रपाळीचा डॉक्टर सकाळी घरी जातो, दुसरा येतो, रुग्ण तोच असतो. केसपेपरवर रुग्ण ठीक, लक्ष ठेवावे एवढेच लिहिले असेल, तर ती ट्युरिंग यांच्या अर्थाने चिठ्ठीच नव्हे. इन्सुलिन किती वाजता किती युनिट दिले, पुढची साखर केव्हा पाहायची, ती ठरावीक आकड्याखाली गेली तर काय करायचे आणि वर राहिली तर काय, असे लिहिले असेल तर आलेला डॉक्टर गेलेल्या डॉक्टरला फोन न करता काम पुढे नेऊ शकतो. पाळी बदलताना एक ओळ राहून गेली की एकच डोस दोनदा जातो किंवा एकदाही जात नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्याला सगळे माहीत असते, म्हणूनच तो ओळ गाळतो. ट्युरिंग यांचा कारकून सगळे विसरून येणार आहे, हे गृहीत धरूनच लिहायचे, ही त्यातली खुबी.

त्याच निबंधात पुढचे पाऊल आहे. चिठ्ठीवर काम चालत असेल तर कारकुनाच्या जागी यंत्र ठेवता येईल; आणि यंत्राच्या नियमांचे वर्णनसुद्धा आकड्यांसारखेच कागदावर लिहिता येईल. मग असे एक यंत्र कल्पिता येते, जे दुसऱ्या कोणत्याही यंत्राचे वर्णन वाचून हुबेहूब त्याच्यासारखे वागेल. एका यंत्राच्या पोटात दुसरे यंत्र. महाप्याच्या कपाटांतले लटके संगणक या कल्पनेचे थेट वंशज आहेत. हिल्बर्ट यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र नकारार्थी आले: सगळ्या विधानांचा निकाल लावणारी रीत असू शकत नाही. अमेरिकेत अलोन्झो चर्च वेगळ्या वाटेने थोडे आधीच तिथे पोचले होते. ट्युरिंग त्यांच्याकडे प्रिन्स्टनला गेले, १९३८ मध्ये डॉक्टरेट मिळवून परतले.

युद्धातल्या कामाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, चित्रपटही निघाला आहे. तिथे फार रेंगाळायला नको. ४ सप्टेंबर १९३९ रोजी ते ब्लेचली पार्कला रुजू झाले, जर्मनांच्या एनिग्मा यंत्राची गुपिते फोडणाऱ्या बॉम्ब नावाच्या यंत्राच्या रचनेत त्यांचा मोठा वाटा होता, आणि जर्मन नौदलाचे संदेश उलगडणाऱ्या गटाचे ते प्रमुख होते. वैद्यकीय सदरात नोंदवण्याजोगी गोष्ट अशी, की त्यांना परागकणांची जबर अ‍ॅलर्जी होती. जून उजाडला की ते विषारी वायूपासून बचावाचा मुखवटा चढवून सायकलवरून कामाला जात. लोक हसत. अ‍ॅलर्जीतज्ज्ञाला त्यात हसण्यासारखे काही दिसणार नाही. त्याच सायकलची साखळी ठरावीक फेऱ्यांनंतर निसटायची. दुरुस्त करून घेण्याऐवजी ते पायडलच्या फेऱ्या मोजत आणि साखळी पडण्याच्या आत उतरून ती सावरत. धावण्यातही ते असेच निष्ठावान होते. १९४७ मध्ये त्यांनी मॅरेथॉन २ तास ४६ मिनिटे ३ सेकंदांत पूर्ण केली. पुढच्या वर्षी ऑलिंपिक जिंकणाऱ्याची वेळ त्याहून जेमतेम ११ मिनिटे कमी होती.

युद्ध संपल्यावर ते राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आले आणि एका इलेक्ट्रॉनिक संगणकाचा सविस्तर आराखडा त्यांनी लिहिला. १९४६ च्या आरंभी तो वरिष्ठांपुढे गेला. त्यात १९३६ ची चिठ्ठी नव्या रूपात येते. यंत्र एक मोठे काम करत असताना मध्येच एक छोटे काम उपटते, वर्गमूळ काढण्यासारखे. मोठे काम थांबवायचे, छोटे उरकायचे आणि परत नेमक्या त्याच जागी यायचे. छोट्या कामाच्या मध्येही आणखी छोटे काम निघू शकते. परतीची जागा लिहून ठेवण्याच्या क्रियेला ट्युरिंग यांनी पुरणे असे नाव दिले आणि ती बाहेर काढण्याला उकरणे. शेवटी पुरलेले पहिल्यांदा उकरायचे.

तुर्भ्याच्या घाऊक बाजारात गोण्यांची थप्पी लावणाऱ्या माथाडी कामगाराला हे समजावून सांगावे लागणार नाही. शेवटची ठेवलेली गोणी पहिली निघते. मधली ओढली तर थप्पी अंगावर येते. आजच्या संगणकातही अर्धवट राहिलेल्या कामांची अशीच थप्पी असते. प्रत्येक गोणीत दोन गोष्टी: हे काम संपले की कुठे परतायचे आणि या कामापुरते लागणारे आकडे. सगळ्यात वर चालू काम आणि शेजारी एक बोट, पुढची सूचना कोणती हे दाखवणारे. बोट आणि थप्पी मिळून चिठ्ठी झाली.

प्रयोगशाळेच्या संथ कारभाराला कंटाळून ट्युरिंग १९४८ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात गेले. तिथे १९५१ मध्ये फेरांती कंपनीचा संगणक आला आणि तो वापरायचा कसा याची पुस्तिका त्यांनी लिहिली. ती वाचून ख्रिस्तोफर स्ट्रेची नावाचा शाळामास्तर त्यांना भेटायला आला. केंब्रिजची जुनी ओळख होती. सोंगट्यांचा एक खेळ संगणकाला शिकवावा असे स्ट्रेचींच्या मनात होते. ट्युरिंग यांनी त्यांना वेगळेच काम सुचवले: या संगणकाला स्वतःचीच नक्कल करायला लावणारा प्रोग्राम लिहून पाहा. स्ट्रेचींनी हजाराहून अधिक सूचनांचा तो प्रोग्राम लिहून आणला. संगणक आपल्याच पोटात आपली प्रतिकृती चालवतो आहे आणि तिची एकेक पायरी बाहेरून पाहता येते आहे, असे ते दृश्य होते.

हेच स्ट्रेची पुढे ऑक्सफर्डला गेले आणि १९७४ मध्ये, स्वतःच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, ख्रिस्तोफर वॉड्सवर्थ यांच्यासह त्यांनी एक टिपण प्रसिद्ध केले. त्यात कंटिन्युएशन या कल्पनेची गणिती मांडणी आहे. इतरही काही जण त्या सुमारास स्वतंत्रपणे तिथे पोचले होते. कंटिन्युएशन म्हणजे या क्षणानंतर उरलेले सगळे काम, एक वस्तू म्हणून हातात धरलेले. ती वस्तू खिशात ठेवता येते, दुसऱ्याला देता येते, हवे तेव्हा सुरू करता येते. व्हर्च्युअल मशीन हे कसे करते, ते थप्पीच्या भाषेत सोपे आहे. बोट कुठे आहे ते टिपून घ्यायचे, थप्पीची जशीच्या तशी प्रत काढून बाजूच्या गोदामात ठेवायची. झाले, अवस्था टिपली. परत आणायची वेळ आली की सध्याची थप्पी हटवायची, गोदामातली प्रत तिच्या जागी मांडायची, बोट जुन्या जागी नेऊन ठेवायचे आणि चल म्हणायचे. मधे सेकंद गेला की महिना, हे त्या कामाला कळत नाही. प्रत जपून ठेवली असेल तर तेच उरलेले काम दोनदाही चालवता येते, जशी एकच चिठ्ठी दोन कारकुनांना द्यावी.

याचा उपयोग रोजचा आहे. समजा तिकिटाचे पैसे भरताना बँकेच्या उत्तराची वाट पाहायची आहे. त्या तेवढ्या वेळात संगणकाने एका ग्राहकासाठी ताटकळत का बसावे? त्या ग्राहकाच्या कामाची थप्पी उचलून बाजूला ठेवली जाते, तोच संगणक दुसऱ्याचे काम हाती घेतो, उत्तर आले की थप्पी परत. जावा या प्रसिद्ध संगणकभाषेने २०२३ मध्ये हीच युक्ती आपल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये सर्वांसाठी खुली केली.

पण या युक्तीला एक मर्यादा आहे. कंटिन्युएशनमध्ये थप्पी येते, बोट येते. सामायिक वहीत मधल्या काळात झालेली खाडाखोड मागे जात नाही. काम जुन्या जागी परतते आणि वहीत नवे आकडे असतात. संपूर्ण लटक्या संगणकाचे छायाचित्र घेतले तर वहीचीही प्रत निघते, पण तिच्याही बाहेर जग असतेच. छापलेला कागद, पाठवलेला संदेश, खात्यातून गेलेले पैसे परत येत नाहीत. जे चिठ्ठीत मावते तेवढेच पूर्वीसारखे होते.

ट्युरिंग यांचे शेवटचे मोठे काम नेमके चिठ्ठीत न मावणाऱ्या गोष्टीबद्दल होते. ऑगस्ट १९५२ मध्ये त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला: एकसारख्या दिसणाऱ्या पेशींच्या गोळ्यातून सजीवाचा आकार कसा उमटतो. दोन रसायने एकमेकांवर क्रिया करतात आणि वेगवेगळ्या गतीने पसरतात; सुरुवातीची नगण्य वाटावी अशी चलबिचल वाढत जाते आणि ठिपके, पट्टे, कोंबांची वलये तयार होतात. त्यांच्या १९३६ च्या यंत्रात कागद वेगळा होता आणि वाचणारा वेगळा. गर्भात असा कुणी वाचणारा नाही. तिथे रसायनच कागद, रसायनच कारकून. आणि जे घडले ते त्या ऊतीतच कायमचे गोठते. हे मांडणारा माणूस जीवशास्त्रज्ञ नव्हता आणि डॉक्टर तर नव्हताच. तेव्हा फारसे कुणी लक्ष दिले नाही. आज भ्रूणविकासाच्या अभ्यासात हा निबंध पायाचा मानला जातो.

निबंध छापून येण्याआधीच त्यांचे आयुष्य दुसरीकडे वळले होते. जानेवारी १९५२ मध्ये त्यांच्या घरी चोरी झाली. त्यांनी पोलिसांत तक्रार दिली. चौकशीत एका तरुणाशी असलेले त्यांचे संबंध उघड झाले, त्यांनी ते नाकारले नाहीत, आणि फिर्यादीचा आरोपी झाला. दोन पुरुषांमधील संबंध १८८५ च्या कायद्याने गुन्हा होता. ३१ मार्च १९५२ रोजी खटला उभा राहिला. युद्धात त्यांनी काय केले ते गुपित असल्याने न्यायालयात त्याचा तपशील सांगता येण्यासारखा नव्हता. तुरुंग टाळायचा असेल तर वर्षभर पोलिसी देखरेखीखाली राहून वैद्यकीय उपचार घ्यायचे, अशी अट होती. त्यांनी ती मान्य केली.

उपचार म्हणजे इस्ट्रोजेन हे स्त्रियांमधले संप्रेरक. आधी गोळ्या, शेवटच्या महिन्यांत मांडीत बसवलेली कांडी, जिच्यातून औषध सतत झिरपत राहते. आधार होता तो मूठभर पुरुषांवरच्या, १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीचा. औषधाने कामेच्छा मावळते एवढेच तिच्यात दिसले होते. ती मावळल्याने कुणाचा कोणता आजार बरा होतो, हा प्रश्न विचारलाच गेला नाही, कारण आजार नव्हताच. मॅरेथॉन धावणाऱ्या त्या शरीरात पुरुषत्व मंदावले आणि स्तनांची वाढ झाली. पुरुषाला बराच काळ इस्ट्रोजेन दिल्यावर हे होते, यात अनपेक्षित काही नाही. औषध थांबवल्यावर काही गोष्टी हळूहळू सुधारतात. पण वाढलेल्या स्तनांतल्या ऊतीत तंतू धरले की ती वाढ आपोआप ओसरत नाही.

इथे न्यायालयाइतकीच वैद्यकाचीही बाजू पाहायला हवी. आदेश न्यायाधीशाचा होता, पण गोळी लिहून देणारा हात डॉक्टरचा होता. औषधाचा डोस बरोबर होता, नोंदी ठेवल्या गेल्या असतील, संमतीही कागदावर होती. मात्र ती तुरुंगाच्या दारात घेतलेली संमती होती. अशा संमतीला वैद्यकात किंमत नसते हे आज विद्यार्थ्यालाही शिकवले जाते. तरी समलिंगी मुलाला बरा करा म्हणून पालक त्याला दवाखान्यात आणतात आणि गोळ्या, इंजेक्शने, विजेचे झटके देणारे त्यांना सापडत आले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून वगळले. त्याच वर्षी भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता हा आजार नसल्याचे स्पष्ट केले. २०२२ मध्ये, मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार करणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. म्हणजे आज कुणी डॉक्टर ट्युरिंग यांच्यावर झाला तसा उपचार देऊ करील, तर राज्याच्या वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. हे पालकांना माहीत नसते. काही डॉक्टरांनाही माहीत नसते.

एप्रिल १९५३ मध्ये ट्युरिंग यांचे वर्ष संपले. सरकारी गुप्त कामाचे दरवाजे बंद झाले होते, विद्यापीठाचे उघडे राहिले. ते पुन्हा काम करू लागले. सूर्यफुलाच्या बिया आणि देवदाराची फळे अमुकच संख्येच्या वळणांत का मांडलेली असतात, याचे गणित मँचेस्टरच्या संगणकावर चालू होते. स्वभावातला मिश्कीलपणा टिकून होता असे त्यांना भेटलेल्यांनी नोंदवले आहे.

७ जून १९५४ रोजी, जोडून आलेल्या सुट्टीच्या सोमवारी, घरी त्यांचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी घरकाम करणाऱ्या बाईंना ते अंथरुणात आढळले. शरीरात सायनाइड सापडले. कॉरोनरने दोनच दिवसांत आत्महत्या असा निष्कर्ष दिला. आईने तो कधीच स्वीकारला नाही; घरातल्या एका छोट्या खोलीत ट्युरिंग धातूंना मुलामा देण्याचे प्रयोग करत आणि त्यासाठी सायनाइड बाळगत, हात धुण्याच्या बाबतीत ते निष्काळजी होते, असे तिचे म्हणणे. पलंगाशेजारचे अर्धे खाल्लेले सफरचंद जगप्रसिद्ध झाले, त्याची तपासणी मात्र कुणी केली नव्हती. इतक्या वर्षांनी याचा निवाडा करायला बसणे व्यर्थ आहे. ब्रिटनच्या पंतप्रधानांनी २००९ मध्ये माफी मागितली आणि २०१३ मध्ये राणीने मरणोत्तर क्षमा दिली.

सुट्टीनंतर विद्यापीठात परतल्यावर काय काय करायचे, याची यादी त्यांनी लिहून ठेवली होती, असे चरित्रकार सांगतात. ८ जूनला एक संशोधक विद्यार्थी त्यांना भेटणार होता. ट्युरिंग यांची समीकरणे त्याने गोलाच्या पृष्ठभागावर सोडवली होती, आणि उत्तरांतून निघालेले आकार समुद्रातल्या रेडिओलारिया या सूक्ष्म जीवांच्या सांगाड्यांशी जुळत होते. ते दाखवायचे राहून गेले. फुलांच्या आणि बियांच्या मांडणीवरची टिपणे मित्र रॉबिन गँडी यांच्याकडे आली. ती तुटक होती, स्वतःपुरती लिहिलेली होती, आणि त्यांतून काम पुढे कसे न्यायचे हे जवळच्यांनाही उलगडेना. अखेर १९९२ मध्ये, ट्युरिंग यांच्या संकलित लेखनाच्या खंडात, ती जशी हाती लागली तशी छापली गेली.